सेवेतून बहीणपण

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले, की कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर काल्हेर गाव लागते. एके काळी येथील लोक भातशेती आणि मासेमारी करत. आता येथे मोठमोठी गोदामे व उंच इमारती उभ्या आहेत. कामधंद्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा अशा दूरदूरच्या भागांतून आलेली कुटुंबे या परिसरात राहतात. शेजार वाढला, पण ओळखी कमी झाल्या.

समजा, अशा गावातली एक मुलगी उर्दू शाळेतून दहावी झाली आणि भिवंडीच्या महाविद्यालयात जाऊ लागली. कॉलेजात जाणारी ती घरातली पहिलीच मुलगी आहे. वर्गात एकही चेहरा ओळखीचा नाही. शिकवण्याची भाषाही नवी. तिला वाटते, 'येथे माझे कोण आहे?' या एकटेपणाला कंटाळून काही मुली गप्प गप्प राहतात, तर काही शिक्षणच सोडतात.

हा प्रश्न जगभरच्या मुलींना पडला आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या संघाला 'सोरोरिटी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण. 1908 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 'अल्फा कप्पा अल्फा' हा संघ स्थापन केला. त्या काळी कृष्णवर्णीयांना जागोजागी अपमान सहन करावा लागे. मुलींनी एकमेकींना आधार दिला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 1935 पासून या संघाच्या स्त्रिया काही वर्षे उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातील गरीब शेतमजुरांकडे जात. मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ दिले जात नसे. तेव्हा या स्त्रियांनी आपल्या मोटारींचेच फिरते दवाखाने केले आणि मुलांना रोगप्रतिबंधक लसी टोचल्या.

आपल्याकडे सोरोरिटी नाही. पण सेवा आणि सोबत देणारी एक योजना आहे. तिचे नाव राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, ती सुरू झाली. तेव्हा तिच्यात 37 विद्यापीठे आणि सुमारे 40,000 विद्यार्थी होते. 'मी नव्हे, तुम्ही' असा तिच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे. तिच्या बोधचिन्हावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. सेवेला कधीही तयार राहावे, असे ते चाक सांगते.

सोरोरिटीत सभासद निवडून घेतले जातात. या योजनेत मुलगे आणि मुली दोघांनाही नाव नोंदवता येते. जात, धर्म, भाषा विचारली जात नाही. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास, काम करायचे असते. शिवाय सात दिवसांचे एक विशेष शिबिर असते. त्यासाठी बहुधा एखादे गाव निवडतात. सकाळी श्रमदान होते. दुपारी घरोघरी जाऊन पाहणी केली जाते, किंवा एखाद्या विषयावर व्याख्यान असते. रात्री गाणी, नाटुकली आणि गप्पा रंगतात.

मुलीला सात दिवस बाहेर पाठवताना आईवडील कचरतात. त्यांची काळजी खरी असते. म्हणून शिबिर कोठे आहे, राहण्याची सोय कशी आहे, सोबत कोणत्या शिक्षिका आहेत, हे त्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांना मोकळेपणाने विचारावे. माहिती मिळाली, की भीती कमी होते.

आता प्रश्न असा, की दुसऱ्याची सेवा केल्याने आपले एकटेपण कसे जाते? मातीचे घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा पुढची मुलगी कोणत्या मोहल्ल्यातली आहे, हे कोणी विचारत नाही. एकीला मराठी चांगले येते, ती गावातल्या आजीशी बोलते. दुसरीला उर्दू येते, ती नव्या वस्तीतल्या बाईला लसीकरणाची तारीख समजावून सांगते. वर्गात जिला आपली भाषा अडचण वाटत होती, तिचीच येथे सर्वांना गरज लागते. आपली कोणाला तरी गरज आहे, हे कळले, की परकेपणा उरत नाही.

या योजनेचे ध्येयही हेच आहे : समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास. म्हणून सेवा करणाऱ्याने आपण उपकार करतो, असे समजू नये. गावाला थोडे श्रम मिळतात. विद्यार्थ्याला धीर, अनुभव आणि जिवाभावाची माणसे मिळतात.

उर्दूत जिला आपण खिदमत म्हणतो, तिलाच मराठीत सेवा म्हणतात. शब्द दोन, काम एकच. काही बहिणी जन्माने मिळतात, तर काही बरोबर घाम गाळल्यावर मिळतात.