शिफारसपत्र : मागण्यातला संकोच आणि मागण्याची रीत

आपल्या वसतिगृहात वाढलेली मुलेमुली आज परिचर्या, दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माणशास्त्र अशा शाखांचे पदवीधर आहेत. त्यांतील काहीजण सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करू लागले आहेत. गुणपत्रिका हाती असते, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी होते, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहितीही आता घरोघरी पोहोचली आहे. अर्ज अडतो तो शिफारसपत्रापाशी.

याचे एक कारण त्या शब्दातच आहे. शिफारस म्हणजे वशिला, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला. आणि वशिल्यामुळे मागे राहिलेल्यांची आपली वस्ती. त्यामुळे पालक सहज म्हणून जातात, ‘आमची कुठे कोणाशी ओळख?’ परंतु विद्यापीठाला मोठ्या माणसाची ओळख नको असते, जवळून पाहिलेल्या माणसाची साक्ष हवी असते. १९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, तेव्हा कोलंबियातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. सेलिग्मन हे बाबासाहेबांचे अर्थशास्त्राचे गुरू होते. आपल्या विद्यार्थ्याची कुवत त्यांनी वर्गात पाहिली होती.

म्हणून आमदार, नगरसेवक किंवा संस्थेचे अध्यक्ष यांच्या पत्राचा येथे उपयोग नाही. आमच्या मुख्याध्यापकांच्या पत्राचाही नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. साधारणपणे दोन किंवा तीन पत्रे लागतात. एक पदवीच्या प्राध्यापकांचे, शक्यतो सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्र किंवा सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवणाऱ्यांचे असावे. दुसरे ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले त्यांचे.

फरक कसा पडतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या दोन पत्रांचे इंग्रजी पाहून देण्याचे काम, पत्रलेखकांच्याच विनंतीवरून, आमच्याकडे आले होते. पहिले पत्र मोठ्या हुद्द्याच्या व्यक्तीचे : मुलगी सुशील, कष्टाळू, वर्तन उत्तम. यात खोटे काही नव्हते, पण हेच वाक्य वर्गातील कोणाविषयीही लिहिता आले असते. दुसरे पत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे. एका गावात लसीकरणाला माता येत नव्हत्या. हिने घरोघर विचारून शोधले की लसीकरणाचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस एकच आहे, आणि दिवस बदलून घेतला, एवढीच हकीकत त्यांनी लिहिली होती. सार्वजनिक आरोग्य म्हणजे दुसरे काय असते?

असे पत्र हवे असेल तर लिहिणाऱ्याला आठवण करून द्यावी लागते. प्रत्यक्ष भेटून, अंतिम तारखेच्या किमान सहा आठवडे आधी विचारावे : ‘सर, आपण माझ्याविषयी सविस्तर आणि अनुकूल पत्र लिहू शकाल का?’ या प्रश्नात त्यांनाही नकार द्यायला जागा राहते. मन लावून न लिहिलेल्या पत्रापेक्षा स्पष्ट नकार बरा. होकार मिळाल्यावर गुणपत्रिका, आपला परिचय, हेतुनिवेदन, विद्यापीठांची नावे व तारखा, आणि त्यांच्यासमोर आपण काय काम केले याचे एक पानी टिपण द्यावे.

आता एक नाजूक बाब. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळते. त्यात दुष्टपणा नसतो, बहुधा वेळ नसतो, कधी इंग्रजीचा संकोच असतो. पण अर्जदाराने स्वतःच लिहिलेली पत्रे एकाच साच्याची होतात, आणि पत्र लिहिणाऱ्याचे स्वतःचे नसेल तर अर्जच गोत्यात येऊ शकतो. अशा वेळी नम्रपणे टिपण पुढे करावे. तरीही जमत नसेल तर दुसरे नाव शोधावे.

हल्ली पत्र पाकिटातून जात नाही. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक आरोग्य विद्यालयांचे अर्ज ‘सोफास’ या सामाईक प्रणालीतून जातात. तेथे अर्जदाराने शिफारसकर्त्याचा ईमेल भरायचा. दुवा थेट त्यांच्याकडे जातो आणि पत्र तेच चढवतात. हा ईमेल पुष्कळदा ‘स्पॅम’मध्ये पडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून विचारावे. शक्यतो महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल द्यावा. व्यक्तिगत पत्त्याकडे काही ठिकाणी संशयाने पाहिले जाते. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. त्याने पालक घाबरतात. हक्क सोडणे हीच तेथील रूढ रीत आहे. न पाहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो.

वसतिगृहातील आजारी मुलांची शुश्रूषा, खरजेच्या साथीत केलेली स्वच्छता, स्वयंपाकघराची पाळी, हेही टिपणात यावे. त्यांच्या तारखा आमच्या नोंदवहीत आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी महिनाभर आधी अधीक्षकांना कळवावे. उतारा काढून देऊ.