चिमट्याखाली वाजलेली धमनी

लेनिन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ जानेवारी १९२४ रोजी, मॉस्कोजवळच्या गोर्की इथल्या वाड्यात त्यांचं शवविच्छेदन झालं. विकृतिशास्त्रज्ञ होते अलेक्सेई अब्रिकोसोव. मेंदूच्या धमन्यांवर चिमटा आपटला तर दगडावर आपटल्यासारखा आवाज येत होता. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या डाव्या मुख्य धमनीला कवटीच्या आत पोकळीच उरली नव्हती. वय अवघं ५३.

मे १९२२ मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका, डिसेंबरात दुसरा, मार्च १९२३ मध्ये तिसरा. बहुतेकांचं बोलणं आणि उजवं अंग डाव्या मेंदूच्या ताब्यात असतं. इथे दोन्ही गेलं. तासन्‌तास भाषणं देणाऱ्या माणसापाशी ‘वोत-वोत’ एवढेच बोल उरले. पत्नी क्रुप्स्काया त्यांना डाव्या हातानं पुन्हा अक्षरं गिरवायला लावत होत्या.

निदान लिहिलं गेलं ते धमन्यांच्या अकाली झिजेचं. अतिश्रमानं माणूस संपला, हे ऐकायला बरं वाटतं. मला ते अपुरं वाटतं. लेनिन धूम्रपान करत नव्हते, आणि त्यांचे वडीलही ५४व्या वर्षी मेंदूविकारानंच गेले होते. २०१२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या परिषदेत डॉ. हॅरी विंटर्स यांनी या आनुवंशिकतेकडेच बोट दाखवलं. शिवाय धमनी नुसती झिजून कठीण होत नाही. तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक साचतात. लवचीक धमनी हृदयाच्या ठोक्याचा दणका पचवते; कडक झालेली तो तसाच पुढच्या बारीक वाहिन्यांवर ढकलते.

लेनिन यांचं उदाहरण टोकाचं, पण विकार सर्रास आढळणारा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात २,३२३ जणांचे सीटी स्कॅन पाहिले गेले. दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत, कवटीच्या आतल्या भागात, कॅल्शियम होतं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: ते जितकं जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त, रक्तदाब, मधुमेह वगैरे हिशेबात धरूनही. कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचा विकार आशियाई लोकांत गोऱ्या युरोपीयांपेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याही घरची आहे.

तरीही स्कॅनच्या अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ दिसलं की ‘वयोमानानं होतंच’ म्हणून फाइल कपाटात जाते. हे मला घातक वाटतं. साचलेलं कॅल्शियम विरघळवणारं खात्रीचं औषध आज नाही, हे खरं. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायला, तंबाखू सोडायला ती ओळ पुरेसं कारण आहे. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर घरी मालिश करत बसू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या धास्तीनं परस्पर बंद करू नयेत. आधी त्यांना विचारावं.