डोक्याची दुखापत आणि पहिला तास

बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ हे मेहकर-खामगाव मार्गावरील गाव. अशा मार्गावर भरधाव दुचाकीवरून पडणाऱ्याच्या डोक्याबरोबर पुष्कळदा चेहरा आणि छातीही दुखावते. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये मोठ्या शहरांत असतात. त्यामुळे जखमी तेथवर जिवंत पोहोचणे हे पहिल्या काही मिनिटांत गावकरी काय करतात यावर अवलंबून राहते.

दुसरी इजा टाळता येते

आघाताच्या क्षणी मेंदूला झालेली इजा परतवता येत नाही. मात्र त्यानंतर प्राणवायू कमी पडल्याने, रक्त वाहून गेल्याने किंवा कवटीत रक्त व सूज साचल्याने जी दुसरी इजा होते, ती बऱ्याच अंशी टाळता येते. चेहरा व छाती यांच्या जखमांचे महत्त्व येथेच आहे. जबडा मोडल्यास रक्त, तुटलेले दात आणि मागे पडलेली जीभ श्वासमार्ग रोखतात. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसल्यास हवा छातीत साचून फुप्फुस आकसते. प्राणवायूवाचून मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.

शुद्धीची पारख

ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली शुद्ध मोजण्याची श्रेणी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांस मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर अवस्था. काही जखमी प्रथम शुद्धीवर येऊन बोलतात आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जातात. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे ही धोक्याची चिन्हे होत. मद्याचा वास येतो म्हणून 'झोपू द्या' असे म्हणणे घातक ठरते.

गावकऱ्यांनी काय करावे

प्रथम १०८ क्रमांकावर कळवावे. राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य मिळते. जखमीला बसवू नये, पाणी पाजू नये. तोंडात दिसणारे रक्त व दात काढावेत. बेशुद्ध जखमीचा श्वास घरघरत असल्यास डोके, मान व धड एका रेषेत धरून त्यास तिघाचौघांनी कुशीवर वळवावे. वाहती जखम स्वच्छ कापडाने दाबावी. नाकाकानांतून पाणी वा रक्त येत असल्यास बोळा कोंबू नये.

कायद्याचे संरक्षण

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळतात.

पोलिसांच्या भीतीने किंवा खर्चाच्या चिंतेने जखमी रस्त्यावर पडून राहू नये, यासाठी ही माहिती ग्रामसभेत आणि शाळेत सांगितली गेली पाहिजे. जखमीला कुशीवर वळवण्याची रीत मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. आणि दुचाकीवर बसताना हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा, हा धडा सर्वांत आधी गिरवावा.