ठिपक्यांचा खडक पाणी धरतो

धरणाची जागा ठरवायची तर आधी नदीपात्रात आणि दोन्ही काठांवर भोके पाडतात. हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट फिरत खाली गेला की खडकाचा गोल दांडा वर येतो. त्याला साइटवर ‘कोअर’ म्हणतात. हे तुकडे खोलीच्या क्रमाने पेट्यांत मांडून ठेवतात. सह्याद्रीतल्या पेटीत दोन प्रकार पटकन ओळखू येतात. एक काळाकुळकुळीत, हातोडी मारली तर खणखणणारा. दुसरा करडा किंवा तांबूस, अंगभर पांढरे-हिरवे ठिपके, देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा. धरण कशावर बांधावे असे विचारले तर कुणाचेही बोट पहिल्याकडे जाईल.

पाण्याच्या बाबतीत तिथेच फसगत होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. त्यातला काळा, भरीव लाव्हा थंड होताना आक्रसला आणि भेगांनी चिरला गेला. दगड पोलादासारखा, पण सांध्यांतून पाणी पळते. ठिपक्यांच्या खडकात वायूचे बुडबुडे अडकले होते. त्या पोकळ्या पुढे झिरपत्या पाण्याने आणलेल्या खनिजांनी बुजल्या आणि या खडकात भेगाही सहसा विरळच असतात. ताकदीत तो काळ्याहून उणा, पाणी अडवण्यात मात्र सरस.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून भोकात दाबाने पाणी सोडून बघतात. दाब १० बार असताना भोकाच्या मीटरभर लांबीतून मिनिटाला एक लिटर पाणी मुरले तर त्याला एक ल्युजॉन म्हणतात. आकडा वाढला की सिमेंटचे ग्राउट भरायचे. खरी डोकेदुखी दोन थरांमधल्या लाल मातकट पट्ट्याची. ओले-सुके होण्याच्या फेऱ्यात अशा खडकाचा भुगा होतो. पेटीतला तुकडासुद्धा तिथल्या तिथे ढासळतो.

आणि खनिजसंपत्ती? दख्खनच्या दरीत पाण्याखाली जाण्यासारखे फारसे काही नसते. राधानगरी तालुक्यात बॉक्साइट आहे, पण ते पठारांच्या माथ्यावर, जांभ्यासोबत. पोकळ्या बुजवणाऱ्या झिओलाइटचे सुंदर स्फटिक मात्र जगभरच्या संग्राहकांना हवे असतात. सिन्नरला त्यांचे संग्रहालयच आहे. धरणवाल्याला त्यांचे कौतुक कमी. त्याच पोकळ्यांत कधीकधी कॅल्सेडनी हे खनिजही असते. असा दगड काँक्रीटच्या खडीत गेला तर तिची सिमेंटमधल्या अल्कलीशी अभिक्रिया होऊन काँक्रीट फुगू शकते. पायात चालणारा खडक खडीत चालेलच असे नाही!

कोयना धरणाला मात्र पाया दगा देऊन गेला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने १०३ मीटर उंचीचे धरण हादरले. तडे गेले ते वर, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे. धरणाच्या पायाची भोके काही डझन मीटर खोल जातात आणि हे धक्के उगम पावतात काही किलोमीटर खाली. तिथला खडक कळायला वेगळे भोक लागले. कोयना परिसरातच गोठणे येथे ३,०१४ मीटर खोल विवर खोदले गेले. त्यात १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला. खाली थेट ग्रॅनाइट लागला, आणि कोयनेचे बहुतेक धक्के त्याच ग्रॅनाइटमध्ये जन्मतात.