सांधलेल्या मणक्याचे शेजारी

विद्यार्थिमित्रहो, घरांतील एखाद्या वडील माणसाच्या कमरेचे मणके शस्त्रक्रियेनें जोडावे लागतील, असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे घरांत दोन समज उत्पन्न होतात. कोणी म्हणतो, आतां हा मनुष्य कायमचा अधू झाला. कोणी म्हणतो, आतां पाठीचें दुखणें जन्माचें गेलें. दोन्ही समज अपुरे आहेत. म्हणून या विषयाची थोडी ओळख करून घेऊं.

कमरेंत पांच मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्यें मऊ पण चिवट अशी चकती असते व मागील बाजूस दोन लहान सांधे असतात. वांकणें, वळणें, उठणें हें काम हीं सर्व स्थानें आपसांत वांटून घेतात. मणका पुढें सरकला किंवा कणा डळमळीत झाला, तर हाडाचे तुकडे घालून दोन अथवा अधिक मणके कायमचे जोडतात; आधारास बहुधा धातूचे स्क्रू व सळ्याही बसवितात. न्यूयॉर्क शहरीं १९११ सालीं डॉ. रसेल हिब्ज व डॉ. फ्रेड आल्बी यांनीं ही क्रिया निरनिराळ्या रीतींनीं केली. तेव्हां ती मुख्यतः कण्याच्या क्षयावर योजीत.

मग शेजाऱ्यांवर संकट कां येतें? एक वेताची छडी घ्या. तिच्या मध्यभागीं लांकडी पट्टी घट्ट बांधा आणि छडी वांकवा. पट्टीखालचा भाग वांकत नाहीं. पट्टी जेथें संपते तेथें मात्र छडी अधिक वांकते. कण्याचेंही तसेंच आहे. जोडलेल्या मणक्यांच्या वाट्याचें काम शेजारच्या, विशेषतः वरच्या, मणक्यावर पडतें. कालांतरानें तेथील चकती झिजते, सांधे जाड होतात, मज्जातंतूंची वाट अरुंद होते व पाय दुखूं लागतात.

असें कितीदां घडतें? २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत २१५ रोग्यांची माहिती घेतली होती. शेजारच्या मणक्यांसाठीं पुन्हां शस्त्रक्रिया लागण्याचें प्रमाण पांच वर्षांत शेंकडा १६.५ व दहा वर्षांत शेंकडा ३६.१, असा अंदाज त्यावरून निघाला. परंतु क्ष-किरणांच्या चित्रांत झीज दिसणें ही एक गोष्ट व तिचा त्रास होणें ही दुसरी. चित्रांत झीज असूनही पुष्कळांस कांहीं त्रास नसतो. शिवाय कांहीं झीज वयोमानानें व्हावयाचीच असते.

धोका वाढविणारीं कारणें दोन प्रकारचीं आहेत. पहिलीं रोग्याच्या शरीरांतील: उतार वय, स्थूलपणा, आणि शेजारची चकती आधींच झिजलेली असणें. दुसरीं शस्त्रक्रियेंतील: जितके अधिक मणके जोडावे तितका शेजाऱ्यांवरील भार अधिक, स्क्रू बसवितांना वरच्या सांध्यास इजा झाली, तर तो लवकर बिघडतो, आणि कमरेची स्वाभाविक कमान सपाट राहिली, तर उभें राहण्यासाठीं शेजारच्या मणक्यांस सतत ताण सोसावा लागतो. या कमानीचा मेळ कटीच्या हाडाच्या ठेवणीशीं नसेल, तर पुन्हां शस्त्रक्रियेची शक्यता सुमारें दसपट होते, असें २०१५ सालच्या एका अभ्यासांत आढळलें.

यावरून शस्त्रक्रिया टाळावी असें मात्र कोणीं समजूं नये. पायांतील शक्ति जाऊं लागली किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब घातक होय. परंतु सवड असल्यास पालकांनीं डॉक्टरांस तीन प्रश्न अवश्य विचारावे: किती मणके जोडणार? शेजारचे मणके आज कोणत्या स्थितींत आहेत? कमरेची कमान राखली जाईल ना? वय कोणास मागें नेतां येत नाहीं. पण वजन आटोक्यांत ठेवणें, धूम्रपान सोडणें व डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम न चुकवणें रोग्याच्या हातीं आहे. आणि मित्रहो, आजोबांस रोज सोबत करून फिरावयास नेणें हें तर तुमच्याही हातीं आहे.