अंगठा किती वेळा हलला?

उंब्रज हे कराड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कृष्णा-तारळीच्या काठी, पुणे-बंगलोर महामार्गावर वसलेले. साध्या ताप-खोकल्याला गावातच औषध मिळते. पण पोटाचे मोठे ऑपरेशन निघाले किंवा महामार्गावर अपघात झाला, की पेशंटला गाडीत घालून कराडला न्यायचे, हा परिसरातील रिवाज. गाडीत बसल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, ‘सर्जन कोण आहे?’ भूल कोण देणार, असे विचारणारे आम्हाला क्वचितच भेटले. भूलतज्ज्ञ म्हणजे एक सुई टोचून बाजूला बसणारा डॉक्टर, अशीच आपल्याकडे समजूत!

वस्तुस्थिती निराळी आहे. पूर्ण भूल देताना तीन कामे करावी लागतात. पेशंटला झोपवायचे, वेदना थांबवायच्या आणि स्नायू सैल करायचे. पोटाचे स्नायू ताठ असतील तर सर्जनचा हात आत पोचत नाही, घशातून श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण होते. म्हणून स्नायू सैल करणारे औषध शिरेतून देतात. व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही त्यांची नावे. परंतु या औषधाने हातापायांबरोबर छातीचे स्नायूही थांबतात. म्हणजे माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. तेवढा वेळ त्याचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो.

आणखी एक गोष्ट. या औषधाने झोप येत नाही आणि वेदनाही थांबत नाही. अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरने स्वतःला असे औषध टोचून घेऊन संपूर्ण लुळे करून घेतले; तो सर्व वेळ शुद्धीवर होता. म्हणूनच झोपेचे औषध कमी पडणार नाही, याकडे भूलतज्ज्ञाला डोळ्यात तेल घालून पाहावे लागते.

हे औषध काम कसे करते, ते सातारा-सांगलीच्या माणसाला चटकन कळावे. बत्तीस शिराळ्याचे नाग सगळ्यांना ठाऊक आहेत. नाग चावला की पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास अडतो. मज्जातंतू स्नायूला जिथे निरोप देतो, त्या जागीच नागाचे विष अडसर घालते. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणाला ‘क्युरारे’ नावाचे वनस्पतीचे विष लावत, तेही याच जागी अडसर घालते. त्याच क्युरारेपासून बनवलेले औषध १९४२ च्या जानेवारीत कॅनडातील माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनमध्ये वापरले. अडसर काढण्यास मदत करणारे निओस्टिग्मिन हे इंजेक्शन ऑपरेशननंतर देतात आणि नाग चावलेल्यालाही देतात. (नाग चावल्यावर मुख्य उपचार सर्पविषावरील लस हाच, त्यात हयगय नको.)

खरा प्रश्न पुढे येतो. औषध उतरले, हे ओळखायचे कसे? पेशंटने डोळे उघडले, मान उचलली, की नळी काढायची, अशी पूर्वापार पद्धत. ती पुरेशी नाही. मनगटाजवळच्या मज्जातंतूला एका लहान यंत्राने अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार हलके झटके देतात आणि अंगठा कसा हलतो ते पाहतात. औषधाचा जोर असेल तर अंगठा हलतच नाही, किंवा एकदोनदाच हलतो. उतार पडू लागला की चारही वेळा हलतो, पण चौथी हालचाल पहिलीपेक्षा दुबळी असते. ही पद्धत १९७० साली इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी मांडली. चौथी हालचाल पहिलीच्या निदान नऊ दशांश झाल्यावरच नळी काढणे सुरक्षित. हा फरक नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही, त्यासाठी मोजणारे यंत्रच लागते. ते प्रत्येक ऑपरेशन टेबलाशी असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमला थेट कवेत घेऊन निकामी करणारे सुगामाडेक्स हे नवे औषध आता आपल्याकडेही मिळते. मात्र ते महाग आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. नळी झटपट घालण्यासाठी सक्सिनिलकोलीन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतले ‘स्कोलीन’, वापरतात. त्याचा अंमल पाच-दहा मिनिटांचा. रक्तातील एक पाचकद्रव्य त्याचे विघटन करते. पण ऊस-भाजीपाल्यावर मारायची क्लोरपायरीफॉससारखी औषधे नेमके हेच द्रव्य निकामी करतात. मग पाच मिनिटांचे औषध कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. पाठीवर पंप घेणारा बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो, मजुरीवर आलेला आपलाच भाऊ असतो. ‘गेल्या काही दिवसांत फवारणी केली होती’ हे त्याने ऑपरेशनपूर्वी आपणहून सांगितले पाहिजे.

काही घराण्यांत हे द्रव्य जन्मतःच कमी असते. भारतात आर्य वैश्य समाजात हा दोष जास्त आढळला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने झाली की असे दोष साठत जातात. जातीतल्या जातीत लग्न हाच जातिव्यवस्थेचा गाभा, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. त्याची अशीही एक बाजू असावी, हे ऑपरेशन टेबलावर कळते! म्हणून आई-वडील, भावंडे यांपैकी कुणाला भुलीनंतर श्वासाचा त्रास झाला असेल, कुणाला फार काळ यंत्रावर ठेवावे लागले असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा विकार, स्नायूंचा दुबळेपणा, चालू असलेल्या गोळ्या, हेही सांगा. लाजू नका.

ऑपरेशननंतर वॉर्डात आणलेल्या पेशंटला एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, थुंकी गिळता येत नसेल, आवाज बारीक येत असेल, मान उशीवरून उचलवत नसेल, तर ‘भूल उतरतेय’ म्हणून गप्प बसू नये. त्याच वेळी सिस्टरला हाक मारावी. आणि सिस्टर सांगेपर्यंत चमचाभरही पाणी तोंडात घालू नये, मग आजी कितीही आग्रह करो.