घरच्या चित्रणासाठी संगणक निवडताना

आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण इंदापूर तालुक्यात बेलवाडीला होते. त्याच तालुक्यातल्या निरवांगीच्या घरात बसून हे मोबाइलवरचे चित्रण कापायचे-जोडायचे, तर संगणक कोणता घ्यावा? दुकानात जाण्याआधी थोडे गणित करू या.

एका चौकटीत १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट, म्हणजे चौकटीला ६२ लाख. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर मिनिटाला ९३३ कोटी बाइट! मोबाइलमधली फाइल मात्र याच्या कितीतरी पट लहान असते. कारण काही चौकटीच पूर्ण साठवल्या जातात. बाकीच्यांत मुख्यतः बदलांचीच नोंद. अश्व पुढे गेला, पण मैदान तेच राहिले. मग ते पुन्हा कशाला लिहायचे?

ही काटकसर संपादनात अंगावर येते. मधलीच चौकट हवी असली, की आधीची पूर्ण चौकट गाठून तिथपासूनचे बदल मांडत यावे लागते. हे काम प्रोसेसरचे. उलगडलेल्या चौकटी राहतात रॅममध्ये. म्हणून पैसे आधी तिथे घालावेत. रॅम १६ जीबी आणि फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी. एवढ्या कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड सहसा लागत नाही. नुसत्या छायाचित्रांना तर याहून कमी पुरते.

दुकानात आपलेच चित्रण पेनड्राइव्हवर न्यावे. ते सरळ चालवून दाखवतीलच. आपण संपादनाच्या प्रणालीत एकेक चौकट मागे सरकवून पाहावी. पुढे जाताना आधीची चौकट हाताशी असते. मागे जाताना पुन्हापुन्हा पूर्ण चौकटीपासून सुरुवात करावी लागते. कमी ताकदीचा संगणक तिथे अडखळतो.